कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत ९ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा कान दाबून खाली बसतो, किंचाळतो. केएमटी बसचं (कोल्हापूरची शहर बस) मात्र भारी वेड! त्याचा काही उपयोग होईल का?

होईल, चांगलाच. किंचाळणं हा हट्ट नव्हे, आवाज आणि धक्के सहनशक्तीपलीकडे गेलेत. "कसं वाटतंय?" याला त्याच्याकडे उत्तर नसेल, पण "कितवा गिअर?" याला असेल. पुठ्ठ्यावर बस काढा, १ ते ४ गिअर लिहा (पहिला म्हणजे शांत, चौथा म्हणजे किंचाळणं) आणि प्रत्येकापुढे त्याच्याच शरीराची खूण: दुसऱ्यात गुणगुणणं, तिसऱ्यात हात कानाकडे. शांत असताना रोज ५ मिनिटं, दोन-तीन आठवडे सराव. गर्दीत पहिल्यांदा शिकवायला जाल तर फसणारच. तिसरा गिअर दिसला की लगेच बोळात वळा, कान झाकायचे हेडफोन द्या. चौथ्यात प्रश्न नकोत, समजावणं नको. फक्त जवळ थांबा.

बहुतेक घरांत बिघडतं ते इथं: "ओरडलास तर बस बघायला नेणार नाही." बस हाच त्याचा आधार, तोच काढून घेतला तर उरलं काय? हात हलवत असेल तर हलवू दे. तो त्याचा ब्रेक आहे (लोक बघतात, बघू देत). एकदम किंचाळणं वाढलं तर आधी कान-दात डॉक्टरांना दाखवा, दुखणं असू शकतं.