खानापूरच्या लॉजवर मालकच त्रास देतो, कामगार सातच. रूम साफ करणाऱ्या बाईनं तक्रार कुठं करायची?
बेळगावला, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं. कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात १० पेक्षा कमी कामगार असले किंवा तक्रार खुद्द मालकावर असली, तर हीच जागा आहे. पत्ता जिल्हाधिकारी कचेरीत किंवा महिला व बालकल्याण खात्यात विचारा. ‘ती रोजंदारीवर आहे, ठेकेदाराची आहे’ असं मालक म्हणेलच. कायद्यापुढं ते टिकत नाही. अर्ज लिहिता येत नसेल तर मदत करणं समितीवर बंधनकारक आहे. मुदत मात्र सांभाळा: शेवटच्या प्रकारापासून ३ महिने, सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ वाढवून देऊ शकते. अंगाला हात लावला असेल तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ खाली वेगळी फिर्यादही देता येते.