पाळीव मांजरांना माशाची कातडी घातली तर चालते का?

आपला प्रश्न मी असा समजतो. फोंड्याच्या मासळी बाजारात चणक किंवा इस्वण साफ करून, कातडी काढून घेतल्यावर ती कातडी आपण घरच्या दोन मांजरांसाठी आणता. सासूबाई ती कच्चीच घालतात, दीर म्हणतात की ती मुळीच घालू नये, आणि या दोन मतांमध्ये कातडीची एक पिशवी आपल्या फ्रीझरमध्ये पडून आहे. माझे उत्तर असे की ताज्या माशाची, खवले काढलेली, मीठ-मसाल्याविना उकडलेली कातडी निरोगी प्रौढ मांजराला अधूनमधून थोडी घालण्यास हरकत नाही. कच्ची मात्र घालू नये. मी पशुवैद्य नाही. डिचोलीला आमच्या घरात मांजरे कायमच राहिली आहेत, आणि त्यांच्या आहाराविषयी मी बरेच वाचलेले आणि पशुवैद्यांना वेळोवेळी विचारलेले आहे, एवढ्याच आधारावर पुढचे लिहितो.

कातडीत स्वतःत वाईट असे काही नाही. तिच्यात कोलॅजेन नावाचे प्रथिन भरपूर असते आणि तिच्या खालच्या थरात माशाची चरबी असते, ज्यात ओमेगा-३ मेदाम्ले असतात. माझ्या मते खरा प्रश्न आहे तो ही कातडी आपल्या हाती येईपर्यंत कशी राहिली याचा. बाजारात मासा बर्फावर असतो, पण त्याचे काढलेले साल, कल्ले आणि आतडी बाजूच्या टोपलीत किंवा जमिनीवर पडतात, आणि गोव्याच्या उकाड्यात तासाभरात त्या ढिगाची काय अवस्था होते हे आपण पाहतोच. विकणारीच्या दृष्टीने तो कचरा असल्यामुळे ती तो कचऱ्यासारखाच हाताळते. यात तिचा दोष नाही. म्हणून ‘मांजरासाठी थोडी कातडी द्या’ असे म्हणून त्या ढिगातून भरून घेतलेली पिशवी आणू नये. आपण विकत घेतलेल्या माशाची, आपल्या डोळ्यांसमोर काढलेली कातडीच वेगळ्या पिशवीत घ्यावी, शक्य असल्यास तिच्यावर मूठभर बर्फ टाकून घ्यावा आणि घरी पोहोचताच ती फ्रिजमध्ये ठेवावी.

या बाबतीत बांगडा, तारले आणि कुपा यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल जास्त असते. मासा पुरेसा थंड ठेवला नाही तर जिवाणू त्याचे हिस्टमिनमध्ये रूपांतर करतात, आणि एकदा तयार झालेले हिस्टमिन उकडून, तळून किंवा पुन्हा गोठवून नाहीसे होत नाही. शिवाय ते असलेला मासा नेहमी वास मारतोच असे नाही. म्हणजे ‘उकडले की सगळे मरते’ हा आपला नेहमीचा दिलासा इथे अपुरा पडतो. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि बाजारात परराज्यांतून बर्फात घालून आलेली मासळी अधिक दिसते. त्या काळात मी मांजरांसाठी बांगड्याचे काहीच ठेवत नाही. जो बांगडा आपल्या ताटात वाढताना आपण दोनदा वास घेऊ, त्याची कातडी मांजराकडे सरकवणे हा व्यवहार मला बरोबर वाटत नाही.

आता कच्च्या कातडीविषयी. तारल्यांच्या कुळातील अनेक कच्च्या माशांत, विशेषतः त्यांच्या आतड्यांत, थायामिनेज नावाचे विकर असते आणि ते ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकते. अमेरिकेत १९३०च्या दशकात कातड्यासाठी पाळलेल्या कोल्ह्यांच्या खाद्यात कच्चे मासे मिसळल्यावर त्यांना लकवा होऊन ते मरू लागले. ज्या पालकाच्या कोल्ह्यांत हा रोग प्रथम लक्षात आला त्याच्या नावावरून त्याला चास्टेक लकवा म्हणतात, आणि पुढील संशोधनातून त्याचे कारण हे विकर असल्याचे उघड झाले. मांजरालाही ब-१ ची गरज बरीच असते. ते कमी पडले की आधी भूक मंदावते, लाळ गळते, मग चालताना तोल जातो, मान छातीकडे वाकते आणि शेवटी झटके येतात. एखाद्या दिवशी कच्चा तुकडा पोटात गेला म्हणून असे होत नाही. रोज कच्चे तारलेच घालत राहिल्यास होऊ शकते. समाधानाची गोष्ट अशी की हे विकर उष्णतेने नष्ट होते. कच्च्या माशातील ॲनिसाकिससारखे कृमी आणि साल्मोनेलासारखे जिवाणूही व्यवस्थित उकडल्यावर मरतात, त्यामुळे कच्चे घालण्यात मला कोणताच फायदा दिसत नाही. फ्रीझरमध्ये ठेवल्याने काम भागेल असेही समजू नये, कारण कृमी मारण्यासाठी उणे २० अंश सेल्सिअस तापमान सलग सात दिवस राखावे लागते, आणि दिवसातून अनेकदा दार उघडला जाणारा, वीज गेली की तापणारा घरगुती फ्रीझर तेवढा भरवशाचा नसतो.

उकडण्याची पद्धत साधी आहे. चणक, तांबोशी, शेवटा यांचे खवले मोठे असतात. ते शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढावेत आणि कातडीवर हात उलटा फिरवून पाहावा, कारण सुटा राहिलेला खवला घशाला चिकटतो. इस्वणाला हा त्रास जवळजवळ नसतो. परांचे तुकडे आणि त्यांच्या मुळाशी असणारे बारीक काटे कात्रीने कापून टाकावेत. मग थोड्या पाण्यात पाच-सात मिनिटे उकडून, निवल्यावर कातडीचे नखाएवढे तुकडे करावेत. ही शेवटची गोष्ट लोक टाळतात, पण मांजर चावून खाणारा प्राणी नव्हे. ते तोडते आणि गिळते, आणि लांब, चिवट पट्टी अख्खी गिळली की तिची उलटी होते किंवा ती घशात अडकते. उकडलेले पाणी फेकू नये. मांजराला अत्यावश्यक असलेले टॉरिन पाण्यात विरघळते, म्हणून ते पाणी निववून त्याच्या नेहमीच्या खाण्यावर घालावे.

आपल्या घरांत मासा आला की धुऊन लगेच त्याला मीठ-हळद चोळण्याची पद्धत आहे. मांजराचा वाटा त्याआधीच बाजूला काढावा. हुमणातील किंवा रेशाद मसाला भरलेल्या माशाची कातडी धुऊनही देऊ नये, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, शिजवल्याने त्यांचा हा गुण जात नाही, आणि परिणाम काही दिवसांनी, हिरड्या फिकट पडल्यावर किंवा लघवी तांबूस झाल्यावर लक्षात येतो. रवा लावून तळलेल्या कातडीत विष नसले तरी तिने बरेच तेल प्यालेले असते. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीला, भरून ठेवलेल्या खाऱ्या बांगड्याचे साल तर अजिबात नको. कितीही भिजवले तरी त्यातले मीठ पुरते निघत नाही आणि मूत्रपिंडे कमजोर असलेल्या वयस्क मांजराला ते बाधू शकते.

कोणता मासा नको हे सांगताना एक नाव सर्वांत आधी घेतले पाहिजे. कोकण किनाऱ्यावर ज्याला केंड म्हणतात, त्या फुगणाऱ्या माशाच्या यकृतात आणि अंडाशयात, आणि अनेक जातींच्या कातडीतही, टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. ते शिजवल्याने जात नाही, त्यावर उतारा उपलब्ध नाही, आणि स्नायू लुळे पाडून ते श्वास बंद करते. जाळ्यात सापडलेले केंड किनाऱ्यावरच टाकून दिलेले असते. तेव्हा रापणीच्या वेळी वाळूत पडलेले मासे मुलांनी मांजरासाठी उचलून आणले, तर जात ओळखल्याखेरीज ते घरात घेऊ नयेत. मोरीची, म्हणजे लहान शार्कची, कातडी विषारी नसते, परंतु तिच्यावर दातांसारखे कठीण, सूक्ष्म खवले असतात आणि ते उकडूनही मऊ होत नाहीत, म्हणून ती सोडून द्यावी. शिंगाळ्याचे काटे पाहता त्याचेही काही न घेतलेले बरे.

मोठ्या शिकारी माशांतील पाऱ्याची भीती आपण वाचली असेल. ती खरी आहे, पण पारा मुख्यतः मांसातील प्रथिनांना बांधलेला असतो. कातडी आणि तिच्याखालच्या चरबीत साठतात ती चरबीत विरघळणारी औद्योगिक प्रदूषके. दोन्हींवर उपाय तोच: इस्वणासारख्या मोठ्या माशाची कातडी क्वचित आणि शक्यतो लहान आकाराच्या माशाची घ्यावी. गाभण मांजरीला आणि नुकत्याच दूध सुटलेल्या पिलांना ती न देणे योग्य.

प्रमाणाचा हिशेब बहुतेक जण करत नाहीत. चार किलो वजनाच्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० ते २५० किलोकॅलरी पुरतात, आणि पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम असा की वरचे खाणे त्यातील दहा टक्क्यांहून अधिक नसावे, म्हणजे २० ते २५ किलोकॅलरी. एक चहाचा चमचा तेलातच सुमारे ४५ किलोकॅलरी असतात. यावरून तळलेली कातडी त्या इवल्या पोटाला किती जड आहे हे कळेल. उकडलेली कातडी आठवड्यातून एक-दोनदा, दोन बोटांएवढा तुकडा, याहून पुढे मी जात नाही. तेलकट माशाची कातडी रोज घातल्यास दुसरीही अडचण आहे. तिच्यातील असंतृप्त मेद शरीरात लवकर खराब होतात, ई जीवनसत्त्व त्यात खर्ची पडते, आणि मांजराच्या कातडीखालच्या चरबीला सूज येऊन ती पिवळी पडते. अशा मांजराला ताप असतो, ते उडी मारत नाही आणि उचलून घेऊ देत नाही. आपल्या फ्रीझरमधील पिशवीचा निर्णयही याच कसोटीवर करावा. ती बर्फातून थेट फ्रीझरमध्ये गेली असेल आणि महिना-दीड महिन्याच्या आतली असेल, तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळवून उकडावी. तिला खवट वास येत असेल किंवा ती कोणत्या माशाची हे आठवत नसेल, तर टाकावी, आणि टाकताना घट्ट बांधून टाकावी, नाहीतर रस्त्यावरची मांजरे ती फोडतील.

सासूबाई म्हणतील की आमच्या वेळची मांजरे कच्चे डोके आणि शीत खाऊनच वाढली. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु ती मांजरे परसात उंदीर, पाली, पाखरे अख्खी खात होती, आणि माशाने जे दिले नाही ते त्यांना तिथे मिळत होते. शिवाय त्यांतली किती लवकर गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. फ्लॅटमध्ये बंद असलेल्या मांजराला आपण घालू तेवढेच मिळते. त्यामुळे त्याच्या रोजच्या वाडग्यात मांजरांसाठी तयार केलेला संपूर्ण आहार असावा आणि मासा त्याच्या वर असावा. पहिल्यांदा घालताना नखाएवढाच तुकडा द्यावा आणि दोन दिवस पाहावे, कारण मांजरांमध्ये अन्नाची ॲलर्जी घडवणाऱ्या पदार्थांत माशाचा क्रमांक बराच वर आहे. मान आणि तोंड सतत खाजवणे हे तिचे लक्षण. तोंडावर पंजा मारणे, ओकारी काढत राहणे आणि लाळ गळणे दिसल्यास काटा अडकला असण्याची शक्यता असते. तो स्वतः ओढू नये, पशुवैद्यांकडे न्यावे.

एक अडचण खास आपल्याकडची आहे. ज्या मांजराला फक्त मासाच आवडू लागतो, ते श्रावणात घरात मासळी येणे बंद झाले की वाडग्याकडे पाठ फिरवते, आणि ‘भूक लागली की खाईल’ म्हणून आपण वाट पाहतो. माणसाच्या बाबतीत चालणारा हा उपाय मांजराला घातक ठरू शकतो. विशेषतः लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात साचून यकृत निकामी होऊ लागते. त्यामुळे आषाढ संपण्याच्या आधीपासूनच, सात ते दहा दिवसांत, माशाचा भाग थोडा थोडा कमी करत त्याचे नेहमीचे खाणे वाढवावे. तरीही त्याने पूर्ण एक दिवस काहीच खाल्ले नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पशुवैद्यांना दाखवावे.