ऑर्केस्ट्रात तुंबा-बोंगो वाजवलेत, आता कॅलिफोर्नियात आलोय. इथल्या हौशी लॅटिन बँडमध्ये शिरावं का? आपल्याकडच्या ऱ्हिदमवाल्याला त्यात काय मिळतं?

शिरा. फक्त पहिले दोन-तीन महिने अपमान गिळायची तयारी ठेवा.

मीही तुमच्याच गावचा म्हणा. मुंबईत दहा वर्षं साइड ऱ्हिदम वाजवला, गणपतीत तर दिवसाला दोन-दोन शो. मग नोकरीने सॅन फ्रान्सिस्कोला आणून टाकलं आणि चार वर्षं हात नुसते जेवणाच्या टेबलावर चालले. शेवटी मिशन भागातल्या एका बँडचा पत्ता लागला. मिशन ही इथली जुनी लॅटिन वस्ती, गिटारवाला कार्लोस सांटाना जिथे शाळेत गेला तो भाग. बँड म्हणजे दर बुधवारी संध्याकाळी एका शाळेच्या जेवणघरात जमणारी वीसेक माणसं. निवृत्त बसड्रायव्हर बॅरिटोन सॅक्सवर, एक दातांची डॉक्टर ट्रॉम्बोनवर. पैसे कुणालाच मिळत नाहीत, उलट झेरॉक्सची वर्गणी काढावी लागते.

पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात कोंगांमागे उभा राहिलो. (कोंगा म्हणजे हातांनी वाजवायचे उभे ढोल. आपण सरसकट सगळ्यांनाच तुंबा म्हणतो, इथे तुंबा म्हणजे सगळ्यात मोठा, मधला कोंगा आणि छोटा किंतो.) पहिलं गाणं चा-चा-चा होतं, निभावलं. दुसरं जरा तेज. कडवं संपताना सवयीने एक झकास तिहाई (एकच तुकडा तीनदा) टाकली आणि समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलो. समेवर मी एकटाच! बेस तर तिथे वाजलाच नाही.

नंतर कळलं की तो तिथे वाजतच नाही. चार मात्रांचा एक बार धरा. बेसचा पहिला सूर दुसऱ्या मात्रेच्या पुढच्या अर्ध्यावर पडतो आणि दुसरा चौथीवर. हा चौथीवरचा सूर बहुतेक वेळा पुढच्या बारच्या कॉर्डचा असतो, म्हणजे कॉर्ड आधीच बदलून मोकळी. 'एक' रिकामा. कोंगाचा ठेकाही तसाच: डाव्या हाताची टाच, बोटं, उजव्याची चापट, डावी बोटं, मग पुन्हा टाच, बोटं, आणि शेवटी उजव्याचे दोन खुले बोल. ते खुले बोल चौथ्या मात्रेवर येतात. आपण समेवर वजन टाकायला टपून बसलेलो असतो, आणि ही मंडळी त्याच्या आधीच सगळ्यात मोठ्याने बोलून घेतात.

बँडच्या म्होरक्या बाई पोर्तोरिकन, साठी उलटलेल्या. त्यांनी काही न बोलता माझ्या हातात दोन लाकडी काठ्या दिल्या, क्लावे, आणि कोंगावर दुसऱ्याला बसवलं. तीन आठवडे मी फक्त काठ्यांवर. दहा वर्षं वाजवलेला मी, आणि बाजूला शाळकरी पोरगं कोंगा वाजवतंय. घरी बायकोला सांगायचीही लाज वाटत होती.

क्लावे हे त्या काठ्यांवरच्या ठेक्याचंही नाव. त्यात दोन बारांच्या सोळा अर्ध्या मात्रांत पाच टोले: १, ४, ७, ११, १३. आपल्या तीनतालाच्या सोळा मात्रा मनात ठेवून वाजवून बघा. सम मिळते, तेरावीची टाळी मिळते, पण पाचवीची टाळी आणि नववीची खाली दोन्ही कोरी जातात. हातावर टाळी-खाली धरून काठ्या वाजवायला गेलो तर डोकं गरगरायला लागलं. त्यात काही गाण्यांत दोन टोल्यांचा अर्धा आधी येतो आणि तीनचा नंतर. कुठली बाजू आधी ते गाण्याची चाल ठरवते, आपण नाही. उलट्या बाजूने शिरलात तर सूर-लय सगळं शाबूत असूनही गाणं लंगडायला लागतं, आणि बाई चष्म्यावरून बघतात.

तिसऱ्या बुधवारी काठ्या वाजवता वाजवता कान उघडले. पियानोची तीच ती आवर्तनं, बेस, घंटा, कोंगा, प्रत्येक जण दुसऱ्याच्या फटीत बोलत होता. एकट्याने वाजवून बघितलं तर कुठलाच तुकडा पुरता नाही. टिंबालेसवाला (काठ्यांनी वाजवायच्या दोन उथळ ड्रमांचा वादक) जी घंटा धरून ठेवतो, ती ऐकून मला सरळ ढोल पथकातला टोल आठवला. कोरस सुरू व्हायच्या आधी तो काठ्यांनी जो कडकडाट करतो, तो तर ताशाचा इशाराच. तिथून पुढे मला वाट सापडली. तबल्याच्या अंगाने गेलो असतो तर अजून सम शोधत बसलो असतो.

आणि हे वाद्य आपल्याला परकंही नाही. सी. रामचंद्रांनी १९५१ साली 'अलबेला'त बोंगो घुमवले, तेव्हा साथीला गोव्याच्या ट्रम्पेटवाल्या चिक चॉकलेटची माणसं होती. त्याआधी १९४० साली न्यूयॉर्कमध्ये क्यूबन गायक माचितोचा बँड उभा राहिला, क्यूबन तालवाद्यांवर जॅझचे ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) चढवून. आमच्या झेरॉक्स नोटेशनमध्ये तेच घराणं आहे. म्हणजे मुंबईत मी हातोहात आलेला माल वाजवत होतो, एवढंच.

मेअखेरीस इथे कार्नावालची मिरवणूक निघते, १९७९ पासून. गेल्या वर्षी आम्हाला गल्लीच्या तोंडावर एक छोटं स्टेज मिळालं. मध्येच ब्रासवाल्यांची पानं उडाली आणि ते गप्प. बाईंनी बोट गोल फिरवलं, आम्ही ऱ्हिदमवाले तेच ते वाजवत राहिलो, पानं सापडली, ब्रास परत शिरलं. नाचणाऱ्यांना पत्ताही नाही. पण नंतर मी उत्साहात लय जरा पळवली, तर समोर नाचणाऱ्या एका आजींचा पाय अर्धी मात्रा हवेत थांबला आणि त्यांनी थेट माझ्या हातांकडे बघितलं. मुंबईत टाळ्या गायकाला पडायच्या, ऱ्हिदमवाला घाई करतोय हे प्रेक्षकांतलं कुणी सांगायचं नाही. मी गुपचूप लय मागे घेतली. आजी पुन्हा नाचायला लागल्या, मी मात्र गाणं संपेपर्यंत मान वर केली नाही.

तुमच्यासाठी कामाचं तेवढं सांगतो. एवढ्यात कोंगा विकत घेऊ नका, महाग असतात आणि अपार्टमेंटमध्ये शेजारी तक्रार करतात. काठ्यांची जोडी घ्या. बोटांना लावायला चिकटपट्टी जवळ ठेवा. पहिल्या दिवशी जाऊन 'मी पर्कशनिस्ट आहे' म्हणू नका, ते प्रत्येक बँडमध्ये चार-चार असतात. ग्विरो वाजवतो म्हणा. वाळक्या भोपळ्याला खाचा पाडलेलं वाद्य, काडीने खरवडायचं. ते घेऊन उभं राहायला कुणीच तयार नसतं, लगेच घेतील.