वाचकांचे प्रश्न : मजकुरातून आकृती, आणि आकृतीतील मराठी

प्रश्न : आमच्या पतसंस्थेतील कर्जमंजुरीच्या कार्यपद्धतीची पुस्तिका अद्ययावत ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. तिच्यातील फ्लोचार्ट चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये तयार केलेले आहेत. नियम बदलला की मजकूर लगेच दुरुस्त होतो, पण आकृती जुनीच राहते, कारण तिची मूळ फाइल कोणाकडे आहे हेच कळत नाही. साधा मजकूर लिहून आकृती तयार करता येते असे ऐकले आहे. ते आम्हाला जमेल का?

उत्तर : निश्चित जमेल, आणि आपण सांगितलेल्या अडचणीवर हाच सर्वांत टिकाऊ उपाय आहे असे माझे मत आहे. या पद्धतीत आपण चौकोन आणि बाण स्वतः काढत नाही; कोणती पायरी कोणत्या पायरीकडे जाते एवढेच ओळीओळीने लिहितो आणि मांडणी प्रोग्रॅमवर सोपवतो. ग्राफविझ या प्रोग्रॅमसाठी लिहिताना एक ओळ अशी असते :

"अर्ज" -> "छाननी";

अशा दहा-पंधरा ओळींत आपली संपूर्ण कर्जप्रक्रिया मावेल. उद्या छाननीनंतर जामीनदारांच्या पडताळणीची पायरी आली, तर एक ओळ बदलून एक नवी घालायची. चौकोन सरकवणे, बाण पुन्हा जोडणे यांपैकी काहीही करावे लागत नाही. मुख्य लाभ मात्र याहून मोठा आहे. आकृतीचा स्रोत मजकूरच असल्यामुळे तो पुस्तिकेच्या फाइलशेजारी राहतो, कोणत्याही साध्या संपादकात उघडतो, आणि मागच्या वर्षीची व या वर्षीची आकृती यांत नेमके काय बदलले हे दोन मजकुरांची तुलना करून ओळीगणिक दाखवता येते. लेखापरीक्षकाने विचारले की ही पायरी केव्हापासून लागू झाली, तर चित्राच्या फाइलकडून उत्तर मिळत नाही. जपून ठेवलेल्या मजकुराच्या आवृत्त्यांकडून मिळते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील बेल लॅब्स या संशोधनसंस्थेत संगणकशास्त्रज्ञ ब्रायन कर्निहन यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘पिक’ नावाची लहानशी भाषा तयार केली. छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या ट्रॉफ या प्रणालीत लेखाच्या मधोमध आकृतीचे वर्णन लिहिता यावे, हा तिचा हेतू होता. ग्राफविझचा उगमही बेल लॅब्समध्येच, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. २००९ मध्ये प्लँटयूएमएल आणि २०१४ मध्ये मर्मेड ही साधने आली. २०२२ मध्ये प्रोग्रॅमचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळाने मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकुराची मांडणी सांगण्याची पद्धत) दस्तऐवजांत मर्मेडचा मजकूर थेट आकृतीच्या रूपात दाखवण्यास सुरुवात केली आणि तेव्हापासून हा प्रकार पुष्कळांच्या परिचयाचा झाला.

आपल्यासाठी माझी शिफारस ग्राफविझची आहे. आपली पुस्तिका वर्डमध्ये असावी असे मी गृहीत धरतो. तसे असेल तर ग्राफविझकडून पीएनजी चित्र तयार करून ते पुस्तिकेत घालावे आणि मूळ मजकुराची फाइल त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावाने ठेवावी. पुढेमागे पुस्तिका मार्कडाउनमध्ये लिहिण्याची तयारी असेल, तर क्वार्टो या साधनात मर्मेड आणि ग्राफविझ या दोन्हींचा मजकूर लेखातच लिहिता येतो आणि वर्ड किंवा पीडीएफ तयार होताना आकृतीही नव्याने तयार होते. मग आकृती मागे राहण्याचा प्रश्नच उरत नाही. एक दक्षता मात्र घ्यावी. प्लँटयूएमएलचा सार्वजनिक सर्व्हर वापरला तर आपला मजकूर त्या सर्व्हरकडे जातो. म्हणून संस्थेच्या अंतर्गत कार्यपद्धतीसाठी प्रोग्रॅम आपल्याच संगणकावर बसवून वापरणे योग्य.

प्रश्न : मी ग्राफविझ वापरतो, पण आकृतीत एक बाण वाढवला की कधी कधी सगळी मांडणीच बदलते. वाचकांना सवयीची झालेली आकृती ओळखू येत नाही. असे का होते?

उत्तर : यासाठी मांडणी कशी ठरते हे थोडे समजून घेतले पाहिजे. दिशा असलेल्या बाणांच्या आकृतीसाठी ग्राफविझमधील ‘डॉट’ हा प्रोग्रॅम ज्या पद्धतीने चालतो, तिचा पाया कोझो सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडला. प्रथम चक्राकार फिरून येणारे बाण शोधून ते तात्पुरते उलटे मानले जातात, म्हणजे सर्व बाण एकाच दिशेने वाहू लागतात. नंतर प्रत्येक चौकोनाला वरून खाली एक पातळी दिली जाते. तिसऱ्या टप्प्यात प्रत्येक पातळीवरील चौकोनांचा डावीकडून उजवीकडे क्रम असा लावला जातो की बाण एकमेकांना शक्य तितके कमी छेदतील. शेवटी नेमक्या जागा ठरतात आणि बाणांच्या रेषा आखल्या जातात. यांतील तिसरा टप्पा अत्यंत अवघड आहे. केवळ दोन पातळ्या असल्या तरी कमीत कमी छेद देणारा क्रम खात्रीने आणि झटपट शोधून देणारी रीत ज्ञात नाही, त्यामुळे प्रोग्रॅम अंदाजाने, पुनःपुन्हा सुधारणा करत, पुरेसा चांगला क्रम निवडतो. एका नव्या बाणाने हा सारा हिशेब बदलू शकतो, आणि आपल्याला दिसते ती उलथापालथ त्यामुळेच असते.

उपाय आहेत. जे चौकोन शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, त्यांना एकाच पातळीवर ठेवण्याची सूचना देता येते. ‘त्रुटी असल्यास अर्ज परत’ यासारखा मागे जाणारा बाण पातळी ठरवताना विचारात घेऊ नये असेही सांगता येते. माझ्या अनुभवात या एका सूचनेने निम्म्याहून अधिक आकृत्या स्थिर होतात. मुख्य प्रवाहातील बाणांना अधिक वजन दिले की ते सरळ आणि आखूड राहतात. मात्र प्रत्येक चौकोनाची जागा स्वतःच ठरवावी असे वाटू लागले, तर ती आकृती या साधनाची नव्हेच. गावाचा नकाशा, यंत्राचा छेद, इमारतीचा आराखडा यांत जागेलाच अर्थ असतो. अशी चित्रे हाताने किंवा रेखाटनाच्या प्रोग्रॅममध्येच काढावीत. संबंध दाखवायचे असतील तेथे मजकूर, आणि जागा दाखवायची असेल तेथे रेखाटन, असा भेद मी स्वतः पाळतो.

प्रश्न : माझ्या प्रबंधातील आकृत्यांत मराठी शब्द मोडतात. ‘स्थिती’ या शब्दात स चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी थ च्या पुढे जाते. फॉन्ट बदलूनही फरक पडला नाही.

उत्तर : दोष बहुधा फॉन्टचा नाही. युनिकोड या अक्षरे साठवण्याच्या प्रमाणित पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या नंतर साठवली जाते आणि दाखवताना ती आधी आणावी लागते. जोडाक्षरेही सुट्या चिन्हांतून घडवावी लागतात. हे काम फॉन्टमधील नियम वाचून अक्षरांना आकार देणारा घटक करतो, आणि हार्फबझ हा त्यांतील सर्वांत प्रचलित. आपला प्रोग्रॅम त्या घटकाकडे मजकूर सोपवतच नसेल, तर कितीही उत्तम फॉन्ट दिला तरी अक्षरे सुटीच राहतील.

म्हणून लेटेक या मजकूर जुळवणीच्या प्रणालीत टिकझेड या तिच्या आकृतिभाषेने आकृत्या काढत असाल, तर झीलेटेक किंवा लुआलेटेक या तिच्या नव्या आवृत्त्या वापराव्यात, आणि लुआलेटेकमध्ये फॉन्ट निवडताना हार्फबझची सूचना अवश्य द्यावी. जुन्या पीडीएफलेटेकला हे जमत नाही. ग्राफविझमध्ये कैरो (चित्र रेखाटणारा घटक) आणि पँगो (मजकूर मांडणारा घटक) यांच्याद्वारे तयार होणारे पीएनजी किंवा पीडीएफ घ्यावे, आणि नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त यांसारख्या फॉन्टचे नाव चौकोनांसाठी आणि बाणांवरील मजकुरासाठी असे दोन्हीकडे लिहावे. दुसरीकडचे नाव राहून जाते असे पुष्कळदा दिसते. एसव्हीजी या रेषाचित्रांच्या फाइलप्रकाराचा पर्याय मराठीसाठी जपून वापरावा, कारण ग्राफविझच्या एसव्हीजीत फॉन्ट अंतर्भूत नसतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर शब्दांची रुंदी बदलते आणि अक्षरे चौकोनाबाहेर जातात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, म्हणून प्रबंधासाठी तेच उत्तम.

मर्मेडमध्ये ब्राउझरच अक्षरे दाखवत असल्यामुळे पडद्यावर मराठी सहसा निर्दोष दिसते. चौकोनाची खूण रोमन अक्षरांत ठेवून मराठी मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. परंतु मर्मेडच्या फ्लोचार्टमधील शब्द एसव्हीजीच्या आत एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेच्या रूपाने ठेवलेले असतात, आणि इंकस्केपसारख्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडल्यावर चौकोन दिसतात पण शब्द नाहीसे होतात. एचटीएमएल लेबले बंद करण्याची सूचना दिली की ते परत येतात.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालासाठी ठेवींचे आलेखही याच पद्धतीने करता येतील का?

उत्तर : करता येतील. १९८६ पासून चालत आलेला नूप्लॉट हा प्रोग्रॅम साध्या मजकुराच्या फाइलमधील रकाने वाचून आलेख काढतो, आणि मराठीसाठी त्याचा पीएनजीकैरो किंवा पीडीएफकैरो हा पर्याय निवडावा. आकडे मात्र फाइलमध्ये रोमन अंकांतच लिहावे लागतात. देवनागरी अंक तो संख्या म्हणून वाचत नाही. अक्षावर ‘२०२३’ असे देवनागरी वर्ष दिसावे असे वाटत असेल, तर प्रत्येक खुणेसाठी तो मजकूर स्वतंत्रपणे देता येतो. ठेवींचे आकडे मोठे असल्यास आलेख काढण्याच्या ओळीतच त्यांना १,००,००० ने भागण्यास सांगावे आणि उभ्या अक्षावर ‘लाख रुपये’ असे लिहावे. त्यामुळे मूळ फाइलमधील रुपयांचे आकडे जसेच्या तसे राहतात आणि ताळेबंदाशी पडताळून पाहता येतात.