अमेरिकेच्या ताब्यातल्या ओकिनावात विधिमंडळाच्या निवडणुका खऱ्या होत्या की नुसता देखावा?

दुसऱ्या महायुद्धानंतर 1972 पर्यंत ओकिनावावर, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर, अमेरिकेचं राज्य असताना तिथे विधिमंडळ निवडून येत असे, मग त्याला काही अर्थ होता का, असं तुम्ही विचारलंय. मतदान खरं होतं, पक्षही खरे होते. हात बांधले जायचे ते निवडून आल्यावर, आणि कधीकधी त्याआधीच.

पहिली निवडणूक मार्च 1952 ची, जागा 31. डिसेंबर 1953 मध्ये याच विधिमंडळाखालची, उत्तरेकडची अमामी बेटं जपानला परत दिली, म्हणून 1954 पासून जागा 29 झाल्या. 1965 पासून 32. मुदत आधी दोन वर्षं, 1962 पासून तीन.

सगळी मेख अमेरिकेच्या अध्यक्षांच्या 1957 च्या आदेशात आहे, क्रमांक 10713. त्यानुसार उच्चायुक्ताला, म्हणजे बेटांचा कारभार पाहणाऱ्या एका अमेरिकन लष्करी जनरललाच, कुठलंही विधेयक अडवता येई, झालेला कायदा 45 दिवसांत रद्द करता येई आणि कुठल्याही अधिकाऱ्याला घरी बसवता येई. सरकारचा प्रमुखही बरीच वर्षं अमेरिकनच नेमत. त्यामुळे बहुमत मिळालं तरी सत्ता मिळेलच असं नव्हतं.

नियम ऐनवेळी कसे बदलत, हे नाहा शहराच्या प्रकरणात स्वच्छ दिसतं. निवडणूक महापालिकेची, पण पद्धत तीच. अमेरिकेच्या ताब्याला विरोध करणाऱ्या ओकिनावा जनता पक्षाचे सेनागा कामेजिरो डिसेंबर 1956 मध्ये महापौर झाले. नगरसभेने अविश्वास ठराव केला, त्यांनी सभा बरखास्त केली. नव्या सभेत 30 पैकी 12 जण त्यांच्या बाजूचे आले. पुन्हा अविश्वास ठराव करायला दोन तृतीयांश, म्हणजे 20 जणांची हजेरी लागे. हे 12 जण गैरहजर राहिले की उरतात 18, गणपूर्ती नाही. नोव्हेंबर 1957 मध्ये उच्चायुक्ताने वटहुकूम काढून ती अटच सैल केली, वर शिक्षा झालेल्यांना उमेदवारी बंद केली. सेनागा 1954 मध्ये तुरुंगात गेलेले, म्हणजे पदही गेलं आणि पुढची वाटही. (जानेवारी 1958 मध्ये मतदारांनी त्यांच्याच पाठिंब्याचा महापौर निवडला, ही गोष्ट वेगळी.)

विधिमंडळातही हेच झालं. 1965 मध्ये तोमोरी नावाचे उमेदवार जिंकले, पण जुन्या किरकोळ दंडावर बोट ठेवून त्यांची निवड अवैध ठरवली. स्थानिक न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिल्यावर 1966 मध्ये उच्चायुक्ताने खटला अमेरिकन न्यायालयाकडे वळवायला लावला. त्यावर बेटभर एवढा गदारोळ उठला की शेवटी त्या न्यायालयानेही निवड मान्य केली.

म्हणून देखावा म्हणणं मला पटत नाही. रेटा लागला की अमेरिकन एकेक पायरी मागे सरकत. प्रमुख आधी नेमलेला, मग विधिमंडळाने सुचवलेला, मग विधिमंडळानेच निवडलेला, आणि 10 नोव्हेंबर 1968 ला विधिमंडळाबरोबरच थेट जनतेने निवडलेला. त्या दिवशी विरोधी पक्षांचे एकत्रित उमेदवार यारा चोब्यो यांना सुमारे 2,37,000 मतं, त्यांचे प्रतिस्पर्धी निशिमे जुन्जी यांना सुमारे 2,06,000. गंमत म्हणजे विधिमंडळात मात्र निशिमे यांच्याच लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या सर्वाधिक जागा आल्या, त्यामुळे यारांचा कारभार सोपा नव्हता.

निकालांच्या याद्या चाळताना नोव्हेंबर 1970 ची निवडणूक यात मिसळू नका. ती तोक्योच्या संसदेसाठी होती: कनिष्ठ सभागृहात 5, वरिष्ठ सभागृहात 2 जागा. ताबा अजून अमेरिकेचा, खासदार मात्र जपानचे. त्या पाचांत सेनागा आणि निशिमे दोघेही होते.