‘बनाल’ लिहिण्याआधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली इंग्रजी नाट्यपरीक्षणं वाचली. नाटक कळतं तुला, त्याबद्दल शंका नाही. पण जे जे आवडलं नाही त्यावर ‘बनाल’ (banal, म्हणजे पोकळ, काहीच खास नसलेलं) असा शिक्का मारून मोकळी झाली आहेस. संवाद बनाल, नेपथ्य बनाल, शेवटही बनाल. पुढच्या परीक्षणात थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडलेला दिसतो, कारण तिथे ट्राइट, हॅकनीड, मंडेन, पेडेस्ट्रियन अशी रांगच लागली आहे, कुठलाही शब्द उचलून कुठेही ठेवावा तशी. या प्रत्येक शब्दाची तक्रार वेगळी आहे. आपली तक्रार कोणती हे आधी ठरव, मग शब्द शोधायला जा.

मुळात साधं असणं वेगळं आणि उसनं असणं वेगळं. मंडेन आला लॅटिन ‘मुंडुस’वरून, म्हणजे जग. जे या जगातलं, रोजच्या व्यवहारातलं, ते मंडेन. आई भाजी निवडते आहे, वडील विजेचं बिल शोधतायत, हा प्रसंग मंडेनच. आणि त्यावर उत्तम नाटक उभं राहू शकतं. ऑर्डिनरी, एव्हरीडे यांच्यातही दोषारोप नाही. कॉमनप्लेस म्हणताना मात्र नाक किंचित मुरडलेलं असतं. तू स्वयंपाकघरातला तो प्रवेश मंडेन म्हणून नापास केलास. मला वाटतं, तुला तो एकसुरी वाटला, म्हणजे हमड्रम. चूक विषयाची नव्हती, हाताळणीची होती.

आता उसनेपणाचे शब्द. ट्राइट म्हणजे मुळात घासलेलं. ‘घासून गुळगुळीत झालेलं’ असं आपण म्हणतो, त्याच्या अगदी जवळचं. एके काळी ते वाक्य चांगलं होतं, वापरून वापरून झिजलं, हे त्यात गृहीत आहे. हॅकनी हा स्वारीचा साधा घोडा, पुढे भाड्याने मिळणारा. पैसे टाकावेत आणि कुणीही दामटावा. लंडनच्या टॅक्सीला कायद्याच्या भाषेत आजही हॅकनी कॅरेज म्हणतात, आणि पैशासाठी मजकूर पाडणाऱ्या लेखकाला हॅक म्हणतात तेही त्याच घोड्यावरून. म्हणून सुविचारी वाक्याला ट्राइट म्हण, आणि जुळ्या भावांच्या अदलाबदलीसारख्या, कुणीही दामटलेल्या युक्तीला हॅकनीड.

क्लिशे आणि स्टिरिओटाइप हे दोघे छापखान्यातले. अक्षरांचे खिळे जुळवून तयार झालेल्या पानाचा साचा घ्यायचा, त्यात धातू ओतून अखंड पत्रा करायचा, की तेच पान हवं तेवढ्या वेळा छापता येतं. फ्रेंच मुद्रक त्या पत्र्याला क्लिशे म्हणत. स्टिरिओटाइप हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीस फिर्मँ दिदो या मुद्रकाने दिलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन याने माणसांबद्दल आपल्या डोक्यात बसलेल्या ठोकळेबाज चित्रांना तो शब्द लावला, आणि तोच अर्थ रुजला. तेव्हा पावसातल्या पुनर्भेटीला क्लिशे म्हण, पण इंग्रजी झाडणाऱ्या उद्धट सुनेला स्टिरिओटाइप. आणि हो, क्लिशे हे नाम आहे. ‘सो क्लिशे’ सगळे बोलतात, बोलू देत. छापताना क्लिशेड लिही.

तुझा लाडका बनाल मात्र या घराण्यातला नव्हे. सरंजामी फ्रान्समध्ये कुळांनी धान्य दळायचं ते जमीनदाराच्याच गिरणीत आणि पाव भाजायचा तो त्याच्याच भट्टीत. अशा सक्तीने सामाईक असलेल्या गोष्टी त्या बनाल. सामाईक म्हणजे सगळ्यांचं, सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच खास नाही, असं करत तो विचारांच्या पोकळपणापर्यंत पोचला. विचारवंत हॅना आरेंट यांनी १९६३ मध्ये नाझी अधिकारी आइखमनच्या खटल्यावर लिहिताना दुष्टपणाच्या ‘बनॅलिटी’बद्दल लिहिलं, ते त्याच्या तोंडची ठोकळेबाज वाक्यं ऐकून. इतका जड शब्द तू पडद्याच्या रंगासाठी खर्च केलास!

व्हॅनिलाबद्दल थोडं विषयांतर. आइस्क्रीमचा नेहमीचा स्वाद, म्हणून इंग्रजीत व्हॅनिला म्हणजे बिनखासियतीचं. प्रत्यक्षात तो जगातल्या सर्वांत महागड्या मसाल्यांपैकी एक. मेक्सिकोबाहेर या वेलीला शेंगाच धरेनात. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने फुलाचं हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधली, आणि आजही एकेक फूल हातानेच फळवावं लागतं. शब्द वापर खुशाल, मला फक्त गंमत वाटते.

पेडेस्ट्रियन म्हणजे पायी चालणारं, कल्पनेची भरारी नसलेलं. कामात चूक नाही, पण ते उडतही नाही, अशा दिग्दर्शनासाठी तो राखून ठेव.

राहिला मीडिओकर. लॅटिनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ डोंगराच्या अर्ध्या उंचीवरचा, म्हणजे मध्यम, असा होता, त्यात अपमान नव्हता. आजच्या इंग्रजीत माणसाला लावला की तो झोंबतो, आणि वाचणाऱ्याला त्यातून कळत मात्र काहीच नाही. शेवटच्या परीक्षणात तू त्या नवख्या नटाला मीडिओकर म्हटलं आहेस. छापायला देण्यापूर्वी तेवढा शब्द काढ आणि दुसऱ्या अंकात त्याने नेमकं काय केलं, तेच दोन वाक्यांत लिहून मला पाठव.