ओढ्याचा काठ म्हणजे नेमका कुठला?

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. पहिलंच ईझमेंट, मालक राजी, आता फक्त सही उरली, असं लिहिलं आहेस. सहीची घाई करू नकोस.

ईझमेंट म्हटलं की आपल्याला वहिवाट आठवते, दुसऱ्याच्या रानातून जायचा हक्क. कॉन्झर्व्हेशन ईझमेंटमध्ये जायचं-यायचं काही नसतं. मालक प्लॉट पाडण्याचा, बांधकामाचा हक्क सोडतो आणि त्या अटी पाळल्या जातात की नाही हे बघण्याचा अधिकार तुझ्या लँड ट्रस्टकडे, म्हणजे जमीन राखणाऱ्या संस्थेकडे, येतो. जमीन त्याचीच. तो ती कसेल, विकेल, मुलांना देईल; अटी मात्र जमिनीबरोबर जातात. अमेरिकेत केंद्राची करसवलत हवी असेल तर त्या कायमच्याच लागतात, वीस-तीस वर्षांच्या चालत नाहीत. म्हणजे तुझं खरं गिऱ्हाईक आजचा मालक नाही, त्याच्यानंतरचा आहे.

हे मला उशिरा कळलं. एका करारात मी लिहिलं होतं, 'ओढ्यापासून 100 फुटांत नांगर घालायचा नाही.' कुठून 100 फूट? पाण्याच्या कडेपासून की काठाच्या माथ्यापासून? लिहिलंच नव्हतं. एका पुरात पात्र सरकलं. तोवर जमीन विकली गेली होती, आणि नवा मालक जुन्या पात्रापासून टेप धरून उभा! त्याचं अगदीच चूक होतं असंही नाही. आता मी 'काठाच्या माथ्यापासून' लिहितो, आणि पुढे 'पात्र सरकेल तसा पट्टाही सरकेल' हे जोडतो.

बेसलाइन रिपोर्टमध्येही, म्हणजे सहीच्या वेळी जमीन कशी होती त्याच्या नोंदीतही, तेच. नुसते फोटो नकोत. कुठे उभं राहून, कोणत्या दिशेला काढला ते प्रत्येक फोटोखाली हवं. दरवर्षीच्या पाहणीत त्याच जागी उभं राहायचं असतं.

जमिनीवर कर्ज आहे का, विचारलंस? बँकेकडून तिचा बोजा ईझमेंटनंतर धरला जाईल असं आधी लिहून घे. नाहीतर जप्ती आली की सगळं पुसलं जाऊ शकतं.

सोडलेल्या हक्कांच्या किमतीवर करातली वजावट ठरते; ते मूल्यांकन कुणी फुगवून आणलं तर सरळ नाही म्हण. गुंतवणूकदार गोळा करून अवाच्या सवा वजावटी लाटण्याचा धंदा इतका बोकाळला, की 2022 मध्ये अमेरिकी काँग्रेसला (तिथल्या संसदेला) अशा भागीदाऱ्यांची वजावट मूळ गुंतवणुकीच्या अडीच पटीवर अडवावी लागली. नाव खराब झालं ते सगळ्यांचंच.

गमबूट घाल आणि मालकाबरोबर ओढ्याच्या दोन्ही काठांनी चालून ये. त्यांच्या मुलीलाही बोलाव. जमीन पुढे तिच्याकडे जाणार, असं तूच लिहिलं आहेस.